पाटीकाकांचे लाकडी सुरय

आमच्या खाडीत शिरणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यात आधी माझे काका दटावतात. स्वतः नव्हे, त्यांची पाटी. नदी आणि समुद्र यांची रोज ओढाताण चालते त्या तोंडाशीच दोन वाशांवर एक पिवळी पाटी उभी आहे: 'हळू. पुढे घरं आहेत.' नवखा माणूस घरं शोधत राहतो. त्याला दिसते खारफुटी, चिखल, पाणी आणि चिखलात चोच खुपसून फिरणारे पक्षी. मग कुणीतरी मला विचारतं, "घरं कुठायत हो?" मी होडीचं इंजिन आणखी हळू करते आणि म्हणते, "हीच." काकांच्या पाटीमुळे माझं निम्मं भाषण वाचतं.

हे माझे सख्खे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. खरं नाव विचारलंत तर निम्मी माणसं डोकं खाजवतील. पाटीकाका म्हटलं की लहान पोरसुद्धा घर दाखवेल. उभी हयात पाट्या रंगवण्यात गेली. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, होड्यांच्या नाकाडांवरच्या, कुत्र्यांपासून सावध करणाऱ्या. त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे शिक्षा. पाटीवर काय लिहिलंय ते आपण वाचतो, कसं लिहिलंय ते काका वाचतात. भर बाजारात थांबून, मान वाकडी करून अनोळखी दुकानदाराला सांगणार, "तुमच्या 'द'चं पोट सुटलंय." माझे वडील इस्पितळात होते तेव्हा भेटायला आले, आणि खोलीबाहेरची 'शांतता राखा' ही पाटी डावीकडे कललीय यावरून एवढा आवाज चढवला की नर्सने त्यांनाच बाहेर काढलं. वडील पोट धरून हसले. त्या आजारपणात ते हसलेले मला तेवढेच आठवतात.

काकांच्या धंद्याचा पहिला नियम मला मी एवढीशी असल्यापासून पाठ आहे: पाटी वाचणाऱ्याकडे बघते. पाटी ठोकताना ते हातोडी दुसऱ्याला देत आणि स्वतः लांब जाऊन उभे राहत. तिथून हात हलवत, "अजून इकडे. अजून. मी तुला दिसतोय ना? मग मला पाटी दिसायला हवी." दुसरा नियम म्हणजे त्यांच्या बारीक ब्रशला कुणी हात लावायचा नाही. तो ब्रश खिडकीत चिनीमातीच्या कपात उभा असतो. शेवटचं वळण, शेवटची रेघ तोच काढतो. काकू म्हणते, "मी लग्न होऊन आले तेव्हा सवत आधीच घरात होती. कपात उभी."

मग फ्लेक्स आले. सकाळी फोटो द्या, दुपारी दुकानावर पाटी, मालकाच्या दातांसकट. काकांचं काम बघता बघता आटलं. ते दिवसभर खोलीत बसून रिकाम्या डब्यांवर अक्षरं गिरवायचे. काकू माझ्या आईला म्हणायची, "बोलत नाहीत गं. पूर्वी भांडायचे तरी."

त्याच सुमाराला आमची खाडी संरक्षित झाली, आणि संरक्षित म्हटलं की पाट्या आल्या. खाडी सांभाळणाऱ्या कार्यालयाने आधी फ्लेक्सच लावले. खाऱ्या वाऱ्याने त्यांच्या चिंध्या केल्या आणि उन्हाने भडक रंगाची अक्षरं पुसून टाकली. मग त्यांना लाकूड आणि ऑइलपेंट आठवला आणि त्यापाठोपाठ काका आठवले. काका त्या दिवशी नवी चप्पल घालून कार्यालयात गेले. खाडीच्या हवेत लाकडी पाटीसुद्धा दरवर्षी रंगवावी लागते, हे कळल्यावर त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला.

आता खाडीभर त्यांची अक्षरं आहेत. मी होडी चालवते, आधी वडील चालवायचे. त्यामुळे ती सगळी मला रोज भेटतात. खारफुटीच्या बोळात, जिथे झाडांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात, तिथे लिहिलंय: 'मुळं श्वास घेतायत. पाय नको.' पुढे ओहोटीला चिखलाचा मोठा पसारा उघडा पडतो, तिथे: 'दिसतो त्यापेक्षा खोल आहे.' उथळ पाण्यात समुद्री गवत डोलतं, त्यापाशी: 'इंजिन वर घ्या.' कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या धारदार शिंपल्यांच्या, थरापाशी कार्यालयाने 'प्रवेश निषिद्ध' लिहायला सांगितलं होतं. काकांनी वाद घातला. निषिद्ध म्हटलं की माणूस हमखास आत जातो, त्यापेक्षा 'इथे माशांची पिल्लं वाढतात' लिहू, म्हणजे तो थांबेल. कार्यालयाने ऐकलं. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ पिल्लं बघायला आत उतरले आणि कालवांच्या धारेने तळपाय कापून घेऊन आले. तिथे आता 'प्रवेश निषिद्ध' आहे. काकांसमोर तो विषय काढायचा नाही.

खाडीच्या बाहेरच्या अंगाला वाळूचा एक लांबलचक दांडा आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये नुसती पांढरी वाळू. माझ्या आठवणीत तिथे फक्त माणसं. आम्ही होडीवाले पर्यटकांना तिथे उतरवायचो, ते चेंडू खेळायचे, फोटो काढायचे आणि जाताना पिशव्या विसरायचे. पण काका लहान असताना तिथे सुरय अंडी घालायचे. सुरय म्हणजे मुठीएवढ्या अंगाचा पांढरा पक्षी, पंख लांब आणि टोकदार, डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळी. पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि मग दगड पडावा तसा माशावर पडतो. घरटं म्हणून काही बांधत नाही. वाळूत खळगा करतो, झालं घर. "सगळे एकदम उठले की दांड्यावर सावली पडायची," काका सांगायचे. "आजोबा मला म्हणायचे, होडीतच बस, खाली पाय ठेवलास तर अंड्यावर पडेल."

ही गोष्ट त्यांनी कार्यालयातल्या मॅडमना सांगितली, आणि तिथून सगळं सुरू झालं. मॅडम तरुण, उन्हाने रापलेल्या, बोलताना चालणाऱ्या आणि चालताना धावणाऱ्या. त्यांनी खाडीच्या समितीपुढे मागणी ठेवली की दांडा बंद करा, सुरय परत येऊ शकतात. आमचा होडीवाल्यांचा गट उखडला. खोटं कशाला बोलू, मीही उखडले होते; दांड्यावरची फेरी ही आमची सगळ्यात चांगली फेरी. शेवटी समितीने दोघांची तोंडं बंद होतील असा निकाल दिला. हा एक हंगाम दांडा बंद. एक जरी घरटं झालं तरी दरवर्षी अंड्यांच्या हंगामात तो बंद राहील. नाही झालं तर पुन्हा खुला, आणि हा विषय परत समितीपुढे आणायचा नाही.

एक घरटं. एवढ्यावर सगळं येऊन ठेपलं.

मॅडमकडे एक युक्ती होती. सुरय एकटा राहणारा पक्षी नाही. वरून जाताना खाली आपली माणसं बसलेली दिसली तरच तो उतरतो. म्हणून लाकडाचे सुरय करून दांड्यावर मांडायचे. हे ऐकून आम्ही होडीवाले धक्क्यावर आडवे पडून हसलो. काका मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "पाटीच आहे ही. पक्ष्यांसाठी."

मोडक्या होड्यांच्या फळ्यांतून सुतारांनी पक्षी कोरून दिले. प्रत्येकाला खाली एक दांडी आणि दांडीला आडवी फळी, वाळूत पुरायला. आणि काकांची खोली पुन्हा जिवंत झाली. टर्पेंटाइनचा वास जिन्यापर्यंत. खाटेवर पक्षी, टेबलावर पक्षी, कपाटावर वाळत घातलेले पक्षी. काकू जेवायला वाढताना आधी ताटाखालचा पक्षी उचलायची. काका मॅडमनी दिलेला फोटो डोळ्यांपुढे धरून एकेका चोचीवर तास घालवत होते. कपाळावरचा पांढरा डाग, टोपीची कड, डोळ्यातला उजेडाचा ठिपका. पुन्हा भांडायला लागले होते, म्हणजे तब्येत उत्तम होती.

एका दुपारी काका रंग आणायला गेलेले असताना काकूने एक पक्षी घेतला. बारीक ब्रशला हात लावायची सोय नव्हती, म्हणून तिने केस पिंजारलेला जुना ब्रश घेतला आणि फोटो न बघताच रंगवला. टोपी इतकी खाली आली की पक्ष्याला समोरचं दिसत असेल की नाही, शंका. चोच जाड. अंगाला एका बाजूने बाक आला होता तो सुतारांचा, पण दिसायचा काकूचाच. मी बघितला तेव्हा मला तो आवडला. उन्हातून घरी येऊन, टोपी पुढे ओढून कोपऱ्यात झोपलेल्या माणसासारखा दिसत होता.

काका आले. पक्षी हातात घेतला, उजेडात धरला, फिरवला.

"हा कोण?"

"सुरय," काकू म्हणाली.

"हा सुरय नाही. हा कावळ्याचा मावसभाऊ आहे."

काकूने पक्षी उचलून बिघडलेल्यांच्या बाद डब्यात टाकला आणि आत निघून गेली. त्या रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं. काकांनी तक्रार न करता ती संपवली, यावरून त्यांना कळलं असावं.

मांडणीचा दिवस उजाडला. मॅडम, काका, मी आणि टोपल्यांत कापडात गुंडाळलेले पक्षी असे आम्ही दांड्यावर गेलो. मॅडमनी काठीने वाळूत जागा आखून दिल्या. "एकच लक्षात ठेवा काका," त्या म्हणाल्या, "तोंड वाऱ्याकडे. पक्षी बसतो तो वाऱ्याकडे तोंड करून, नाहीतर पिसं उलटी होतात." काकांनी मान हलवली. पण त्या दिवशी वारा म्हणून नव्हता. खाडीचं पाणी ताटात ओतल्यासारखं पडून होतं, पाटीवर बांधलेली चिंधीसुद्धा हलत नव्हती. मॅडमनी बोट ओलं करून धरलं आणि हसल्या. "आजच्या दिवस अंदाजाने ठेवा. मग बघू."

काकांनी अंदाज घेतला. खाडीच्या पलीकडे, झाडीला लागून लाकडी मचाण आहे, तिथून दुर्बिणीने पक्षी बघतात. काकांनी मला मचाणावर पाठवलं आणि स्वतः वाळूत गुडघे टेकून एकेक पक्षी पुरू लागले. "दिसतोय?" ते तिकडून हात करायचे. मी इकडून हात हलवायची, अजून इकडे, अजून. शेवटी मॅडमही मचाणावर आल्या. दुर्बिणीला डोळा लावला आणि तो काढेचनात. सगळा थवा आमच्याकडे बघत होता. प्रत्येक कपाळ, प्रत्येक चोच, प्रत्येक डोळ्यातला ठिपका. आम्ही दोघींनी फोटो काढले. मॅडमनी ते मोठ्या साहेबांना पाठवले. "मग बघू" त्या आनंदात कुठे विरून गेलं, कुणाला पत्ताच नाही.

सुरय आले. खरंच आले. समुद्रावरून पहिला थवा आला तेव्हा मी भरल्या होडीत उभी राहून ओरडले आणि एका आजींची टोपी पाण्यात पडली. थवा दांड्यावर खाली उतरत आला, लाकडी पक्ष्यांवरून फिरला, पुन्हा फिरला, आणि उठून निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी एक जण तर पाय खाली सोडून अगदी टेकता टेकता राहिला. मचाणावर काकांनी माझा दंड असा धरला की वळ उठला. मग तोही गेला.

असं रोज चाललं. धक्क्यावर होडीवाल्यांना विषय मिळाला. "काय पाटीकाका, बाहुल्यांना स्थळ आलं का?" काका भांडायचे नाहीत, मान खाली घालून होडीत चढायचे, आणि हेच वाईट होतं. मॅडम पुन्हा पुन्हा फोटो ताडून बघत होत्या. रंग बरोबर, माप बरोबर, अंतर बरोबर. हंगाम हातातून निसटत चालला होता. आता जोड्या जमल्या नाहीत तर अंडी कधी घालणार? समितीने महिनाअखेरीची तारीख दिली. एका संध्याकाळी काका मचाणावरून उतरताना म्हणाले, "माझेच पक्षी चुकले असतील. हात म्हातारा झाला." मला इतका राग आला, समितीचा, सुरयांचा, त्यांचा, की परत येताना मी इंजिन उगाच तापवलं. होडीवाली म्हणून मला दांडा खुला हवा होता. पण आता तो बंद व्हावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी काकू काकांचा डबा घेऊन माझ्या होडीत बसली. वारा चांगला सुटला होता, होडी उड्या मारत होती. काकू पदर तोंडाशी धरून वाऱ्याकडे पाठ करून बसलेली. ओहोटीला कालवांच्या थराजवळ वाळूची एक चिंचोळी पट्टी उघडी पडते, तिथे दमलेले सुरय घटकाभर टेकतात. त्या दिवशीही टेकले होते. त्यांना त्रास होऊ नये म्हणून मी लांबून वळसा घातला.

काकू बघत होती. मग म्हणाली, "काय गं ही तऱ्हा. एकजात सगळ्यांनी आपल्याला पाठ दाखवलीय."

"वारा समोरून आहे ना त्यांच्या," मी म्हटलं. "तिकडे तोंड करून बसतात."

"हं. आणि ह्यांचे बघ. लग्नातल्या फोटोला बसल्यासारखे, सगळे आपल्याकडे बघतायत."

मी इंजिन बंद केलं. कशासाठी ते मलाही कळलं नाही, हात आपोआप गेला. होडी वाऱ्याने भरकटू लागली. एकीकडे पट्टीवरचे जिवंत सुरय, एकीकडे लांब दांड्यावरचे काकांचे. इकडच्या चोची समुद्राकडे, तिकडच्या मचाणाकडे. वरून येणाऱ्या पक्ष्याला काय दिसत असेल? एवढा वारा सुटलेला आणि खाली आपली सगळी माणसं वाऱ्याला पाठ करून बसलीत, एक पीसही न हलवता. असल्या घरात मी तरी उतरले असते का?

"काकू," मी म्हटलं, "तू काय बोललीस ते तुला कळलंय का?"

"काय बोलले? इंजिन चालू कर आधी, मला मळमळतंय."

मचाणाच्या पायऱ्या मी दोन दोन करून चढले. काकांना सांगितलं. ते हलले नाहीत. दुर्बिणीतून त्यांनी आधी कालवांजवळची पट्टी बघितली, मग दांडा, मग पुन्हा पट्टी. आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला तो असा, की मॅडम दचकून उठल्या.

"पाटी लावली मी," ते म्हणाले. "पक्ष्यांसाठी रंगवली आणि माणसांकडे तोंड करून लावली."

"मी 'मग बघू' म्हणाले होते," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला, आणि दुसऱ्या क्षणाला त्या पायऱ्या उतरतही होत्या. "भरती चढतेय. पाणी दांड्याच्या कडेला लागायच्या आत जमेल?"

जमवलं. मला आजही विचाराल तर सांगता येणार नाही कसं. वारा एकीकडून, भरती दुसरीकडून, मध्ये लाटा नुसत्या उकळत होत्या. मॅडम पुढे बसून पाणी उपसत होत्या, काका नांगराचा दोर मुठीत धरून होते आणि काकू डबा पोटाशी धरून डोळे मिटून बसली होती, कारण तिला उतरवायला कुणाला वेळच झाला नाही. दांड्याला लागलो तसे सगळे वाळूत धावलो. पक्षी उपटायचा, खळगा मोठा करायचा, वाऱ्याकडे तोंड, पुन्हा पुरायचा. वाळू डोळ्यांत, दातांत. काका गुडघ्यांवर सरकत ओरडत होते, "त्याला अजून डावीकडे! माणसाकडे बघू नका, वाऱ्याकडे बघा!" हे ते स्वतःलाच बजावत होते असं मला वाटतं. काकूने पदर खोचला आणि ती आम्हा सगळ्यांपेक्षा भराभर पक्षी फिरवत गेली.

समुद्राच्या बाजूचा एक पक्षी गायब होता. आधीच्या एखाद्या उधाणात वाहून गेला असणार. जागा रिकामी दिसत होती, हसताना दात पडलेला दिसावा तशी.

"बाद डब्यातला आणला असता," काका म्हणाले.

"आणलाय," मी म्हटलं. माझ्या होडीच्या फळीखाली तो केव्हापासून होता. काकूने त्याला बाद डब्यात टाकलं त्याच संध्याकाळी मी उचलला होता. मला आवडला होता, सांगितलंच. काकांनी काकूच्या पक्ष्याकडे बघितलं, काकूकडे बघितलं आणि मान खाली घालून तो पुरला. "असू दे," ते पुटपुटले. "लांबून कळणार नाही." काकूने ते ऐकलं. होडीत परत बसताना ती त्यांचा हात न धरता चढली.

त्यानंतरची सकाळ मी जन्मात विसरणार नाही. आम्ही चौघं मचाणावर, उघड्या फटीला चार डोकी चिकटलेली. दुर्बीण एकच, ती काकांकडे, आणि ती काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती. थवा आला. फिरला. पुन्हा फिरला. मग एक पांढरा ठिपका खाली आला, आणि तो खालीच राहिला.

"बसला," काका म्हणाले. अगदी हळू. "बसला गं बसला."

मग दुसरा. मग चार-पाच एकदम. थोड्या वेळाने लाकडी कुठला आणि खरा कुठला हे उघड्या डोळ्यांना कळेना. मॅडम रडत होत्या आणि रडता रडता काहीतरी मोजत होत्या. काका एकेका पक्ष्याची बातमी देत होते. "हा माझ्या तिसऱ्याच्या शेजारी बसला. डोळा बघतोय त्याचा. ठिपका दिसला असणार." सुरयाची जोडी जमते ती माशावर, हे मॅडमनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. नर मासा आणतो, मादीपुढे धरतो. तिने घेतला तर संसार.

आणि नर आला. चोचीत चांदीच्या तुकड्यासारखा मासा. काका उभेच राहिले. "आला, मासा घेऊन आला. चालतोय. माझ्या पहिल्यापाशी थांबला." मग त्यांचा आवाज बदलला. "पुढे गेला. दुसऱ्याच्याही पुढे. अरे, तो चांगला आहे, थांब की." आम्ही त्यांचे कपडे ओढत होतो, पण ते दुर्बीण सोडेनात. "सगळ्यांना ओलांडून चाललाय. कुठे चालला? तिकडे कुणी नाही, तिकडे फक्त..."

मग डोळ्यांवरची दुर्बीण काढून त्यांनी काकूच्या हातात दिली.

काकूला दुर्बीण लावता येत नव्हती. मी धरून दिली. "तुझ्या पक्ष्यापुढे उभा आहे," काका म्हणाले. "मान वाकवून. मासा धरून."

"कावळ्याच्या मावसभावापुढे?" काकू म्हणाली.

मॅडमना हसू आवरेना. तिकडे तो नर पायांवर नाचत मासा पुढे करत होता. टोपी डोळ्यांवर ओढलेला काकूचा पक्षी ढिम्म. शेवटी नराने मासा तिथेच टाकला, आणि मागून एक खरीखुरी मादी चालत आली. तिने मासा उचलला, गिळला आणि त्या वाकड्या लाकडी पक्ष्याच्या सावलीत बसून घेतलं.

घरटं तिथेच झालं. काही दिवसांनी मॅडमनी मोठ्या दुर्बिणीतून वाळूच्या रंगाची, ठिपकेवाली दोन अंडी दाखवली. त्यानंतर दांड्यावर आणखी खळगे दिसू लागले, पण समितीला एकच हवं होतं आणि ते काकूच्या पक्ष्याला खेटून होतं. दांडा आता दरवर्षी अंड्यांच्या हंगामात बंद राहणार हे ठरलं. मॅडम म्हणतात, फिरवल्यामुळेच आले असं शास्त्र म्हणून छातीठोक सांगता येणार नाही. वारा बदलला, दिवस भरत आले, पुष्कळ कारणं असतील. असतील. मी होडी चालवते, मला छातीठोक सांगता येतं. आम्हा होडीवाल्यांचं म्हणाल तर आता लोक दांड्यावर उतरायला नाही, लांबून पिल्लं बघायला येतात, आणि काकांना बाहुल्यांचं स्थळ विचारणारे तेच आता पर्यटकांना सांगतात की आमच्या होडीतून जास्त जवळून दिसतं.

पुढच्या हंगामासाठी सुतारांनी नवे पक्षी कोरून दिले. मी ते पोचवायला गेले तेव्हा काकू खिडकीपाशी भाजी निवडत बसली होती. काकांनी टोपलीतला पहिला पक्षी घेतला, तिच्यापुढे ठेवला. मग खिडकीतला चिनीमातीचा कप उचलला. बारीक ब्रश बाहेर काढून फडक्याने पुसला, बोटांवर फिरवून केसांना टोक आणलं आणि तिच्यासमोर धरला.

काकू त्या ब्रशकडे बघत राहिली. तिने हात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

"ही माझी सवत ना," ती म्हणाली.

"सांभाळ आता तिला," काका म्हणाले. "सगळे तुझ्यासारखेच हवेत. टोपी खाली."

तिने ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि पहिला फटकारा मारला. काका मागे उभे राहून बघत होते, दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून. कपाळावर घाम आला होता. टोपीची कड डोळ्यांच्या खाली घसरायला लागली तेव्हा त्यांच्याने राहवलं नाही.

"ती कड जरा..."

काकूने वळून बघितलं. "जरा काय?"

"काही नाही," काका म्हणाले. "चालू दे."